ढब्बू

तीन दिवस झाले, ढब्बूला झालेली नाही.
शू होते. तेवढं तरी मी बघत होतो.
(बोका आहे, शू अडली असती
तर एक रात्रही थांबायचं नसतं,
हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं
आणि मला उशिरा घाम फुटला.)

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा उजेडात धरून दोष शोधले,
शाई पसरलेली, कड सरकलेली, आकडा तिरका.
आता गुडघ्यांवर बसून
प्लास्टिकच्या घमेल्यात टॉर्च मारतो.
नजर तीच. माल बदलला.

निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर
आणि इथे जेल रोडला वाटीतलं पाणी बर्फासारखं.
ढब्बू नाक लावतो, मागे सरतो.
सुकी बिस्किटं मात्र कुडुमकुडुम.
मग घमेल्यात उकिडवा, कान मागे, पोट आत,
एक बारीक आवाज, जो त्याचा नाहीच,
आणि उठून, काहीच न झालेल्या जागेवर
नीट वाळू ओढतो.
ते मला बघवलं नाही.

लोखंडेबाई जिन्यातूनच म्हणाल्या,
चमचाभर एरंडेल, नाक दाबून.
मेडिकलवाल्याने एनिमाची बाटली काढून ठेवली,
माणसांचीच, छोटी.
वॉचमन म्हणाला, दूध पाजा की.
माझ्या फडताळात माझ्या गोळ्या होत्याच,
ज्यांचं नाव मी कुणाला सांगत नाही.
अर्धी मोडून हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू.
प्रेसची सवय आडवी आली:
खात्री नाही तो कागद पुढे सरकवायचा नाही.

द्राक्षांच्या क्रेटमध्ये जुना स्वेटर, वर जाळी,
रिक्षा, देवळाली कॅम्प.
तस्नीम पिंजारी, वय माझ्या मुलीएवढं,
बोटं त्याच्या पोटावर, डोळे भिंतीवर.
"इथे हात लावा काका."
कातडीखाली मणी, घट्ट, ओळीने.
मी बाटलीचं विचारलं.
"ती दिली असती," ती म्हणाली,
"तर क्रेट रिकामा घेऊन गेला असता."
पाठीच्या कातडीखाली सलाईन भरलं,
ढब्बूचा तासभर उंट झाला.
सिरप मोजून, सिरिंजने, गालाच्या कडेने, हळू.
उद्यापर्यंत नाही झालं तर परत आणा,
एनिमा मी देईन, तुम्ही नाही.
ओलं खाणं, त्यात कोमट पाणी,
रोज कंगवा, पोटात केस जातात,
लाल भोपळा उकडून, एक छोटा चमचा,
मीठ नाही.
फोडणीही नाही. मी विचारलं होतं.

मांजर खरं तर केतकीचं.
सहा महिने सांभाळा म्हणाली आणि ऑकलंडला गेली,
त्याला आता तिसरं वर्ष.
दिवाळीत फोनवर घर विकण्यावरून
चार शब्द जास्त झाले,
तेव्हापासून दोघंही कामात.

पहाटे चारला खरवड ऐकू आली.
लांब खरवड. थांबणं. पुन्हा खरवड.
मी अंधारातच बसून राहिलो,
अशा वेळी दिवा लावू नये एवढं मलाही कळतं.
मग तो घमेल्यातून उडी मारून
घरभर धावला, सोफ्यावरून, पेपरांवरून,
लहान पिल्लासारखा.

पहाटे चारला हे सांगायचं कुणाला?
लोखंडेबाईंना?

तिथे साडेअकरा. पहिल्याच रिंगला उचलला.
"बाबा? काय झालं?"
"झाली," मी म्हणालो. "ढब्बूला."
मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज.
ती हसत होती की काय, कळेना,
नाक ओढल्यासारखं वाटलं.
मग म्हणाली, "घट्ट होती? रंग कसा होता?"
आणि मी टॉर्च लावला, चष्मा चढवला,
वाकून, एकेक तुकडा उजेडात बघत
तपशीलवार सांगू लागलो.
तीही ऐकत राहिली,
आयएसडीचा दर न विचारता.

वाटीतून ढब्बू कोमट पाणी पीत होता.
लपलप. लपलप.
"हा त्याचाच आवाज ना?" तिने विचारलं.
मी फोन खाली, वाटीजवळ धरला.